स्वाराच्या हाताशी आलेलं कणीस

फाल्गुन संपत आला की सोलापूरच्या आसपासचं रान एका विशिष्ट रंगाचं होतं. शाळू काढून झालेला असतो. काळ्या जमिनीवर कडब्याच्या पेंढ्या आडव्या पडलेल्या असतात, कुठे त्यांची बुचाडं उभी असतात. करडई वाळून काट्याला येते. ओढ्याकाठी एखादा पळस पेटलेला दिसतो, लिंबाला मोहर धरलेला असतो आणि खळ्यावरून येणारा भुसा वाऱ्यावर उडून घोड्याच्या आयाळीत अडकतो. हे शेवटचं वाक्य आज कुणी लिहिणार नाही. मी लिहितो, कारण मी ते पाहिलेलं आहे.

माझे आजोबा नालबंद होते. शहरात टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे आणि सुगी झाली की गावोगाव हिंडून बैलांना पत्र्या मारायचे. घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याला चार पायांचे चार नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या आणि जोडीला सोळा. हा हिशेब मी पाढ्यांच्या आधी शिकलो. आजोबांकडे एक बुटकं, भुऱ्या रंगाचं तट्टू होतं. वर्षभराची थोडी उधारी आणि पायली-दोन पायली ज्वारी गोळा करायला ते फाल्गुन-चैत्रात त्या तट्टावरून निघायचे. १९८०च्या सुमारास, मी नऊ-दहा वर्षांचा असताना, त्यांनी मला पुढ्यात बसवून नेलं. सोलापूरहून बोरामणीच्या अंगाने, नळदुर्गच्या रस्त्याला समांतर असलेल्या गाडीवाटेने. घाई कसलीच नव्हती. तट्टू आपल्या चालीने चालत होतं, आजोबा मधूनच लगाम सैल सोडून विडी शिलगावत होते.

एका ठिकाणी उशिरा पेरलेला शाळू अजून उभा होता. त्याची धाटं घोड्याच्या पाठीच्याही वर गेलेली. मी सहज हात लांबवला आणि एक कणीस मोडून घेतलं. आजोबांनी लगाम खेचला. "पूछ्या क्या रे, किसका खेत है?" असं म्हणून ते खाली उतरले, मलाही उतरवलं आणि बांधाच्या कडेने चालत आम्ही त्या रानाच्या खळ्यावर गेलो. शेतकरी ओळखीचा निघाला. तो हसला. म्हणाला, "चाचा, पोरानं एक कणीस घेतलं त्याचं काय एवढं? पोतंभर न्या की!" आजोबा म्हणाले, "अण्णा, खाली उभं राहून मागितलं असतं तर मी गप बसलो असतो. यानं घोड्यावरून घेतलं."

त्या वयात मला फरक कळला नाही. कणीस तेच, हात तोच. पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की आमच्या या भीमा-सीनेच्या मुलखाचा बराचसा इतिहास त्या एका फरकात मावतो. आज त्याच फरकाविषयी बोलायचं आहे.

थोरल्या बाजीरावांची एक आख्यायिका ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे. निजामाने आपल्या चित्रकाराला सांगितलं, बाजीराव ज्या स्थितीत दिसेल त्याच स्थितीत त्याचं चित्र काढून आण. चित्रकाराने आणलेल्या चित्रात बाजीराव घोड्यावर बसून चालले आहेत, खांद्यावर भाला आहे, आणि दोन्ही हातांच्या तळव्यांत ज्वारीचं कणीस मळून ते दाणे खात आहेत. आपण सगळे या गोष्टीवर खूश असतो. साधा, काटक, लवाजम्याशिवाय फिरणारा पेशवा! आणि ते खरंही आहे. मलाही ती गोष्ट आवडते. पण माझ्या कानात आजोबांचा प्रश्न वाजतो. कणीस कुणाच्या रानातलं?

निसर्गाने एक गंमत करून ठेवली आहे. आपल्याकडचा शाळू पुरुष-दीड पुरुष उंच वाढतो. रानात पायी उभ्या असलेल्या माणसाला कणीस हात वर करून, धाट वाकवून घ्यावं लागतं. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या मात्र ते बरोबर हाताशी येतं. जणू त्याच्यासाठीच वाढवलं असावं.

घोडदळाचं आणि पिकाचं वेळापत्रकही एकमेकांत गुंतलेलं होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मुलूखगिरी, आणि पाऊस येण्याआधी परत छावणी. म्हणजे फौजा बाहेर असायच्या तो काळ नेमका रब्बीचं पीक रानात उभं असण्याचा आणि खळ्यावर येण्याचा. घोड्याला वैरण लागते, चंदी लागते. हजार घोडा एका गावाशेजारी रात्रभर उतरला तर सकाळी त्या गावाच्या कडब्याची अवस्था काय होत असेल, हे ज्याने घरी एक तट्टू पाळलं आहे त्यालाही कळेल.

शिवाजी महाराजांना ते पुरतं कळलेलं होतं. राज्याभिषेकाच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात, चिपळूणजवळ तळ दिलेल्या आपल्या घोडदळाच्या अंमलदारांना त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही शेतकऱ्याच्या घरातून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी आणायला लागाल, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्या पत्राचा आशय आहे. रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर वात पळवून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत बारकावा त्यात आहे. मला हे पत्र राजाचं कमी आणि उंचीवरून खाली उतरलेल्या माणसाचं जास्त वाटतं. आपल्याच स्वाराचा हात रयतेच्या रानाकडे कसा जातो, हे त्यांनी घोड्यावरून नव्हे, चुलीपाशी बसून पाहिलं होतं.

याच्या उलट चित्र पुढे आमच्याच जिल्ह्यात दिसलं. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाचा मुख्य तळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होता. मंगळवेढ्याजवळ, माचणूरच्या शेजारी. त्याने गावाचं नाव इस्लामपुरी केलं. सबंध हिंदुस्थानचा कारभार त्या नदीकाठच्या तंबूंमधून चालत होता. मंगळवेढ्याची काळी जमीन आजही ज्वारीचं कोठार म्हणून ओळखली जाते आणि तिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्या कोठाराच्या दाराशी घोडे, हत्ती, उंट आणि बैल यांचं एक हलतं शहर वर्षानुवर्षं बसलं होतं. त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या मनुची या इटालियन गृहस्थाने दख्खनच्या या दीर्घ युद्धाबद्दल लिहिताना झाडं आणि पिकं नाहीशी झालेल्या, माणसा-जनावरांची हाडं पसरलेल्या रानांचं वर्णन केलं आहे. बादशहाचं नाव माझ्या धर्माचं आणि तट्टाची फौज माझ्या भाषेची, म्हणून मी कुणाची बाजू घ्यायची? आजोबांच्या हिशेबाने पाहिलं तर बाजू दोनच. वरून घेणाऱ्याची आणि खालून देणाऱ्याची.

इथे भाषेची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण शब्द हा माझा धंदा आहे. घोड्याभोवतीचे आपले मराठी शब्द पाहा. लगाम, रिकीब, खोगीर, नाल, शिलेदार, बारगीर. सगळे फार्सी-अरबीतून आलेले. आता जमिनीच्या वसुलीभोवतीचे शब्द पाहा. जमाबंदी, वसूल, रयत, तगाई, पैमाईश, तहसील. तेही तिकडूनच आलेले. आणि आता रानात उतरा. नांगर, कुळव, पाभर, बांध, धाट, कणीस, हुरडा, खळं. हे सगळे इथल्या मातीतले. म्हणजे शब्दसुद्धा दोन उंचींवर राहतात. घोड्याची आणि साऱ्याची भाषा एक, पिकाची दुसरी. आणि या दोहोंच्या मध्ये आमचा नालबंद. नाव फार्सी, राहणं गावकुसाशी, मजुरी पायलीने.

ज्या तट्टाविषयी मी बोलतो आहे, ते भीमथडीचं तट्टू. भीमेच्या दोन्ही थड्यांवर वाढलेलं, अंगाने लहान, कमी चाऱ्यावर तगणारं, खडकाळ वाटेला न बिचकणारं. मराठी फौजांचा वेग म्हणतात तो या जनावराच्या पायांत होता. उत्तरेपर्यंत धडक मारणारी ती घोडी याच बरड माळावरची. आपल्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे.

पेशवाईचा शेवटही याच मुलखात आणि अशाच दिवसांत झाला. फेब्रुवारी १८१८. आजच्या मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला इंग्रजांच्या घोडदळाने पेशव्यांच्या फौजेला गाठलं. बापू गोखले घोड्यावर लढता लढता पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मे महिन्यात मनरोच्या तोफांपुढे सोलापूरचा किल्ला पडला. रानात तेव्हाही शाळूच असणार. पण पुढच्या सुगीला घोड्यावरून येणारा माणूस बदललेला होता.

हा नवा स्वार कणीस मोडत नव्हता. तो कणसं मोजत होता.

कंपनी सरकारला जमिनीचा सारा ठरवायचा होता. १८२८च्या सुमारास पुणे भागातल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पहिली मोठी मोजणी केली. इंग्लंडमधल्या हेलिबरीच्या कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकून आलेला. जमिनीच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे पंचावन्न टक्के सरकारने घ्यायचे, असं त्याचं सूत्र. कागदावर निर्दोष. पण प्रत्येक रानाचं निव्वळ उत्पन्न काढणार कोण? हाताखालच्या कारकुनांनी. त्यांनी कुणाचं वाढवलं, कुणाचं घटवलं आणि दोन्हीचे पैसे घेतले. त्यात भाव कोसळले. सोलापूरच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात रानंच्या रानं पडीक पडली आणि कुणबी घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले.

१८३५ साली गोल्डस्मिड हा अधिकारी त्या इंदापुरात हिंडला आणि पाठोपाठ विंगेट हा लष्करातला इंजिनिअर त्याच्या जोडीला आला. दोघेही पंचविशीच्या आतले. त्यांनी जी पद्धत बसवली ती आजही आपल्या सात-बाराच्या मुळाशी आहे. तेहतीस फुटांची साखळी. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. एका बैलजोडीने होईल साधारण एवढ्या रानाचा एक 'सर्व्हे नंबर'. इथे मला आजोबांच्या सोळा पत्र्या आठवतात. सरकारच्या नकाशाचं मूळ एककही शेवटी बैलजोडीच निघाली!

आणि त्या पद्धतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रतवारी. रान कसं आहे हे घोड्यावरून ठरवायचं नाही. रानाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात उतरायचं, जमीन खणून मातीची खोली पाहायची, रंग आणि पोत पाहायचा. पावणेदोन हात खोल काळी असेल तर ती सोळा आण्यांची. जसजशी खोली कमी आणि माती हलकी तसतसे आणे कमी, अशा नऊ पायऱ्या उतरत दोन आण्यांपर्यंत. शिवाय जमिनीचे दोष टिपायचे. चुनखड, वाळसर, उतारवट, उपळवट. एक दोष सापडला की एक पायरी खाली. हे शब्द इंग्रजी अहवालात जसेच्या तसे गेले, कारण त्यांना इंग्रजीत शब्द नव्हते. वरच्या उंचीवरच्या कागदात खालच्या रानाचे शब्द बहुधा प्रथमच शिरले.

१८३६ साली इंदापूरचा सारा तीस वर्षांसाठी ठरला, पहिल्यापेक्षा पुष्कळ हलका. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. १८४०च्या आसपास हीच मोजणी सोलापूरच्या भागात आली. मी काही इंग्रजी राज्याचे गोडवे गात नाही. सारा घ्यायचाच होता आणि तो रोख घ्यायचा होता. पण पंचावन्न टक्क्यांचं सूत्र जिथे मोडलं तिथे पहारीने खणलेला खड्डा टिकला, यात मला काहीतरी दिसतं. पुढे याच विंगेटने १८५९ साली हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहत जाणाऱ्या पैशावर टीका करणारी पुस्तिका लिहिली, हेही आश्चर्य नाही. खाली वाकून माती पाहिलेल्या माणसाला तो पैसा कुठून निघतो हे ठाऊक असतं.

पण खड्ड्याची आठवण सरकारला फार दिवस राहिली नाही. १८६० साली आगगाडी सोलापूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले. १८६७ साली इंदापूरची मुदत संपल्यावर फेरमोजणी झाली आणि सारा सुमारे दीडपट झाला. भाव मात्र तोवर उतरले होते. सावकाराची वही फुगत गेली. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं काढून जाळली. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. सुपे कुठलं? भीमथडी तालुक्यातलं. ज्या मातीतलं तट्टू उत्तरेत गेलं त्याच मातीतल्या कुणब्याला शेवटी आपलं नाव असलेला कागद जाळावा लागला. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला आणि सोलापूर जिल्ह्याने त्यात फार सोसलं. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कलेक्टरच्या तंबूकडून रिकाम्या हाताने घरी परतणारा एक कुणबी येतो. आमराई, तंबू, घोडे हे सगळं त्याच वसंतातलं. फरक इतकाच की ते प्रथमच चालत जाणाऱ्याच्या डोळ्यांनी लिहिलं गेलं.

आता त्या नळदुर्गच्या वाटेवर परत येतो. आम्ही ज्या दिशेने चाललो होतो, त्या दिशेला एके काळी सरहद्द होती. सोलापूर इंग्रजांचं, नळदुर्ग निजामाचं. १८५३ साली निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा हा भागही इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि नळदुर्गला अधिकारी म्हणून आला मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'चा लेखक. लिव्हरपूलला जन्मलेला हा माणूस पंधराव्या वर्षी मुंबईत उतरला होता आणि पुढे निजामाच्या नोकरीत वाढला. कॉलेजचं तोंड न पाहिलेला. मोजणी, कायदा, बांधकाम सगळं त्याने कामावरच शिकून घेतलं. १८५७पर्यंत तो या भागात होता. रानं मोजून घेणं, रस्ते करणं, तंटे ऐकणं, हे त्याचं काम. बोरी नदीवरचा तो किल्ला, इब्राहिम आदिलशहाच्या वेळचं ते धरण आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, हे त्याचं रोजचं शेजार होतं.

तोही घोड्यावरूनच हिंडला. पण नोकरी संपवून मायदेशी गेल्यावर त्याने कादंबरी लिहिली ती तुळजापूरच्या एका शास्त्र्याच्या मुलीवर. 'तारा', प्रकाशन १८६३. अफझलखान आणि शिवाजी महाराजांच्या काळातली गोष्ट, पण तिची नायिका राजघराण्यातली नाही, देवीच्या गावातली एक विधवा मुलगी आहे. तिच्यात परक्याच्या नजरेचे दोष आहेत, ते मी नाकारत नाही. पण जे रान आणि जी गावं त्याने साऱ्यासाठी पाहिली, त्यांच्यात गोष्टी राहतात हे त्याला दिसलं. मोजणीच्या वहीत न मावलेलं काहीतरी त्याने दुसऱ्या वहीत लिहून ठेवलं. कवीला एवढं नातं पुरतं.

याच वाटेवर नळदुर्गच्या अलीकडे अणदूर लागतं. अणदूर आणि नळदुर्गचं मैलारपूर या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातला बराच काळ देव अणदुरात असतो, मग ठरलेल्या तिथीला लेखी करार करून नळदुर्गला जातो आणि परत येतो. खंडोबा घोड्यावरचा देव. मुसलमान भक्तांमध्ये तो मल्लूखान म्हणूनही ओळखला जातो. आजोबा अणदूर आलं की न चुकता खाली उतरायचे आणि वेस ओलांडेपर्यंत लगाम धरून चालायचे. त्यांना कारण विचारलं तर म्हणायचे, त्याच्या गावात घोड्यावर बसायचा मान त्याचा.

या सरहद्दीवरून शेवटची फौज गेली ती १३ सप्टेंबर १९४८ला. भारतीय सैन्य सोलापूरहून निघून पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचलं. त्या फौजेत रणगाडे आणि मोटारी होत्या. आजोबा सांगायचे, त्या दिवशी प्रथमच त्यांच्या लक्षात आलं की इतकी मोठी फौज जाऊन मागे एकही सुटलेला नाल रस्त्यावर पडला नाही. धंद्याचं काही खरं नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

ते खरं ठरायला वेळ लागला. १९७२च्या दुष्काळात दावणीच्या दावणी मोकळ्या झाल्या. मग टांगे गेले, रिक्षा आल्या. मग बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. आमच्या त्या फेरीनंतर दोन-तीन वर्षांत आजोबांनी तट्टू विकलं. घेणारा लग्नाच्या वरातीसाठी घोडे ठेवणारा होता. त्याने तट्टाच्या डोक्याला तुरा बांधला तेव्हा आजोबांनी तोंड फिरवलं, हे मला स्पष्ट आठवतं. त्यानंतर त्यांनी नाल ठोकायची हातोडी कोनाड्यात ठेवली ती ठेवलीच.

अलीकडे भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ही बातमी वाचली तेव्हा पहिला विचार आजोबांचा आला. ज्याला आम्ही नुसतं 'तट्टू' म्हणायचो त्याचं नाव शेवटी सरकारी वहीत चढलं. धनगर आणि मेंढपाळांनी आपलं बिऱ्हाड लादून ते जनावर माळामाळावरून जपलं, म्हणून ते उरलं. फौजेच्या स्वारांनी नव्हे. त्यांच्या लगामामागून चालणाऱ्या माणसांनी.

आज रान पाहायला कुणी घोड्यावरून येत नाही. नजर त्याहून कितीतरी वर गेली आहे. ड्रोनने गावठाणं मोजली जातात, उपग्रहावरून पिकांचा अंदाज घेतला जातो. याउलट २०२१पासून आपल्या राज्यात 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या रानात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून, आपलं पीक आपणच नोंदवायचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. एक नजर आकाशात चढते आहे आणि एक बांधावर उभी आहे. दुष्काळाची मदत, विम्याची रक्कम, कर्जमाफी हे सगळं या दोन नजरांचं जमलं तरच नीट होतं. जिथे जमत नाही तिथे शेतकरी आजही तंबूकडून रिकाम्या हाताने परततो, फक्त तंबूच्या जागी पक्की इमारत असते. उंचीवरून पाहणं वाईट नाही. उंचीवरूनच ओढ्याचा माग दिसतो, दुष्काळाची कड दिसते, कुठलं रान पडीक पडत चाललं आहे ते दिसतं. गोल्डस्मिडलाही ते आधी घोड्यावरूनच दिसलं असेल. पण पावणेदोन हात काळी आहे की वीतभर मातीखाली मुरूम आहे, हे सांगायला कुणीतरी उतरावंच लागतं.

त्या दिवशी खळ्यावरच्या शेतकऱ्याने आम्हाला तसं जाऊ दिलं नाही. त्याच्या कारभारणीने तव्यावरची गरम भाकरी आणि लसणाची चटणी दिली. निघताना त्याने पायलीभर शाळू आमच्या पिशवीत ओतला आणि ते मोडलेलं कणीस वर ठेवलं. आजोबांनी त्याच्या एका बैलाची सैल झालेली पत्री तिथेच बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मग मला तट्टावर बसवलं. स्वतः मात्र बसले नाहीत. ते रान संपेपर्यंत लगाम धरून चालत राहिले आणि मी वरून, पहिल्यांदाच, त्यांच्या टोपीवर बसलेला भुसा पाहिला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)